कातडीच्या आतली कात्री

बेडूकमासा मोठा होतो तेव्हा त्याची शेपटी तुटून पडत नाही. ती जागच्या जागी विरत जाते आणि शेवटी तिचा मागमूसही उरत नाही. शाळेत ही गोष्ट आपण सगळे शिकतो आणि पुढे सरकतो. पण नीट विचार केला तर ती चक्रावून टाकणारी आहे. शेपटीच्या कातडीत कोलॅजेन असतं, आणि कोलॅजेन हे शरीरातल्या सर्वांत चिवट प्रथिनांपैकी एक. नेहमीची प्रथिनं पचवणारी विकरं (एन्झाइम) त्याच्या अखंड धाग्याचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत. मग शेपटी जाते कुठे?

जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी 1962 साली हा प्रश्न अगदी साध्या रीतीने सोडवला. शेपटीच्या कातडीचे जिवंत तुकडे त्यांनी कोलॅजेनच्या थरावर ठेवले आणि वाट पाहिली. तुकड्यांभोवतीचा थर विरघळू लागला. पेशी स्वतःच काहीतरी सोडत होत्या, आणि ते काहीतरी कोलॅजेन तोडत होतं. प्राण्याच्या ऊतीतलं कोलॅजेन तोडणारं विकर पहिल्यांदा सापडलं ते असं. त्याच घराण्यातलं विकर तुमच्या-माझ्या गालांत आणि मनगटांत आहे, आणि ऊन लागलं की ते कामाला लागतं.

सूर्यामुळे येणाऱ्या सुरकुत्यांबद्दल मी वाचायला लागले ते, खरं सांगायचं तर, क्रीमच्या एका जाहिरातीमुळे. त्या क्रीममध्ये म्हणे ‘विकररोधक’ होते आणि ते कोलॅजेन ‘वाचवत’ होते. वाचवणं म्हटलं की कोणीतरी मारेकरी असणार. तो कोण, हे शोधायला गेले आणि बेडूकमाशापाशी पोचले. गंमत अशी की हा मारेकरी मला पुढे पुढे बराच सज्जन वाटू लागला.

आधी कोलॅजेनविषयी. त्वचेच्या वरच्या पातळ थराखाली जो जाड थर असतो, त्याचं पाणी काढून वजन केलं तर जवळजवळ तीन चतुर्थांश वजन कोलॅजेनचं भरतं. त्याचा एकेक रेणू म्हणजे एकमेकींभोवती घट्ट पिळलेल्या तीन साखळ्या. असे रेणू शेजारीशेजारी बसून धागे होतात, धाग्यांच्या जुड्या होतात, आणि त्या जुड्यांवर आपली कातडी ताणलेली राहते. हे सगळं फार सावकाश बदलतं. त्वचेतल्या कोलॅजेनचं अर्धायुष्य 15 वर्षांच्या आसपास मोजलं गेलं आहे. म्हणजे आज माझ्या चेहऱ्यात जे धागे आहेत त्यांतले कितीतरी माझ्या तरुणपणीचेच आहेत. त्या वयात मी उन्हात काय काय उद्योग केले, ते त्यांना ठाऊक आहे.

आता विकर. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज असं त्या घराण्याचं लांबलचक नाव. सगळे एमएमपीच म्हणतात. माणसात या घराण्याचे 23 सदस्य आहेत. प्रत्येकाच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू बसलेला असतो आणि तोडण्याचं काम त्याच्या जोरावर चालतं. यातलं एमएमपी-1 ही खरी कात्री. ती कोलॅजेनचा रेणू वाटेल तिथे कापत नाही. रेणूच्या लांबीवर ठरलेल्या एकाच ठिकाणी ती घाव घालते. एक तुकडा तीन चतुर्थांश, दुसरा एक चतुर्थांश. तेवढं पुरतं. एकदा तुटलेला पीळ शरीराच्या उबेतच सैल पडतो, आणि मग एमएमपी-9 सारखी भावंडं येऊन उरलेलं बारीक करतात.

या कात्रीला म्यान नाही असं मात्र नाही. ती तयार होते तेव्हा तिचं पातं एका छोट्या साखळीने झाकलेलं असतं. ती साखळी कापली गेल्यावरच धार उघडी पडते. शिवाय टिंप नावाचे चार नैसर्गिक रोधक शरीर स्वतः बनवतं. ते विकराच्या जस्तावर जाऊन बसतात आणि काम थांबवतात. विकररोधकाचा शोध कोणा क्रीमवाल्याने लावलेला नाही. कातडीला तो फार आधीपासून अवगत आहे.

मग बिघडतं कुठे? त्यासाठी दंडाची आतली बाजू आणि मनगटाची बाहेरची बाजू शेजारी धरून बघावी. दोन्हींचं वय एकच, दोन्हींना रक्त पुरवणारं हृदय एकच. तरी एक भाग मऊ, एकसारख्या रंगाचा, फार तर थोडा पातळ झालेला. आणि दुसरा राठ, ठिपक्यांचा, बारीक रेघांनी भरलेला. वय म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो त्यातलं बरंचसं वय नव्हेच, ऊन असतं. 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या एका गृहस्थांचा फोटो छापून आला होता. त्यांनी 28 वर्षं मालवाहू गाडी चालवली होती आणि खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती. चेहऱ्याची उजवी बाजू त्यांच्या वयाची दिसते. डावी बाजू जाड, घड्या पडलेली, एखाद्या फार म्हाताऱ्या माणसाची. काचेतून मध्यम लांबीचे अतिनील किरण, म्हणजे यूव्हीबी, फारसे येत नाहीत. त्याहून लांब लहरींचे यूव्हीए येतात आणि त्वचेत खोलवर जातात. तो फोटो एकदा पाहिला की खिडकीशेजारच्या खुर्चीत माणूस पूर्वीइतका निर्धास्त बसत नाही. मी तरी बसत नाही.

ऊन आणि कात्री यांतला दुवा मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर आणि जॉन वूरहीस यांच्या गटाने 1996 आणि 1997 साली दाखवला. त्यांची पद्धत मला फार आवडते, कारण ती जितकी काटेकोर तितकीच थोडी विनोदी आहे. त्यांना अशी कातडी हवी होती जिने आयुष्यात ऊन पाहिलेलं नाही. ती माणसाच्या बसण्याच्या जागी मिळते. स्वयंसेवकांच्या नितंबांवर मोजून अतिनील प्रकाश सोडायचा, काही वेळाने कातडीचा छोटा नमुना घ्यायचा आणि आत काय चाललंय ते पाहायचं.

आत चाललेलं असं. प्रकाश पडल्यावर पेशींत ऑक्सिजनचे तापट रेणू तयार होतात. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या, बाहेरचे निरोप झेलणाऱ्या ग्राहक-प्रथिनांना (रिसेप्टर) असा चकवा देतात की जणू बाहेरून वाढीचा निरोप आला आहे. तो खोटा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोचतो आणि तिथे एपी-1 नावाची प्रथिनांची जोडी जागी होते. एपी-1 दोन कामं करते. एमएमपीची जनुकं चालू करते आणि नवं कोलॅजेन बनवण्याच्या कामात खोडा घालते. म्हणजे एकाच हुकमाने कात्र्या वाढतात आणि नवे धागे कमी होतात. सुरुवात काही मिनिटांत होते, विकरं काही तासांत तयार होतात. एकदाच दिलेल्या प्रकाशानंतर धाग्यांची मोडतोड 58 टक्क्यांनी वाढलेली त्यांनी मोजली.

यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. हे सगळं घडायला कातडी लाल व्हावी लागत नाही. लाली यायला जेवढा प्रकाश लागतो त्याच्या कितीतरी कमी प्रकाशातही कात्र्या तयार होतात. आपण उन्हाचा हिशेब भाजण्यावर ठेवतो. भाजलं तर जास्त झालं, नाही भाजलं तर काही झालं नाही. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा एसपीएफचा आकडासुद्धा लालीवरूनच ठरतो. आणि कातडी आत हिशेब ठेवते तो दुसऱ्याच वहीत. समुद्रकाठचा तो एक भाजलेला दिवस आपल्याला आयुष्यभर आठवतो. दोरीवर कपडे वाळत घालण्यातली, बसची वाट बघण्यातली, फोनवर बोलत गच्चीत येरझाऱ्या घालण्यातली मिनिटं आठवत नाहीत, आणि रोजचा हप्ता त्यांनीच भरलेला असतो.

प्रत्येक वेळी मोडतोड झाली की दुरुस्तीही होते. ती जवळजवळ पुरी होते. अगदी थोडी कसर राहते. त्या संशोधकांनी या उरलेल्या कसरीकडे सूर्याने केलेला सूक्ष्म व्रण म्हणून पाहिलं. एक व्रण कोणाला दिसत नाही. हजारो साठले की त्यांना आपण सुरकुती म्हणतो.

पुढे याच गटाने आणखी एक गोष्ट उलगडली, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा खरा गाभा ती आहे. कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी, फायब्रोब्लास्ट, धाग्यांना धरून ताणलेल्या अवस्थेत राहतात. तो ताण त्यांना हवा असतो. ताणलेली, पसरलेली पेशी भरपूर कोलॅजेन बनवते आणि एमएमपी कमी. आता आजूबाजूचे धागे तुटले की धरायला काही उरत नाही. पेशी आक्रसते, गोळा होते. आक्रसलेली पेशी कोलॅजेन कमी बनवते आणि एमएमपी जास्त. मग आणखी धागे तुटतात. ऊन थांबलं तरी हे चक्र आतल्या आत फिरत राहू शकतं. म्हातारी पेशी नालायक झाली असं आपण समजत होतो. तिची मुख्य अडचण एवढीच असू शकते की तिच्या हाताला काही लागत नाही. याचा एक पुरावा चमत्कारिक आहे. सुरकुत्या भरण्यासाठी हायलुरोनिक आम्लाचं जे घट्ट द्रव्य टोचतात, ते नुसती जागा भरतं असा समज होता. 2007 साली असं दिसलं की टोचलेल्या जागेजवळच्या पेशी ताणल्या जातात आणि पुन्हा स्वतःचं कोलॅजेन बनवू लागतात.

इथवर आल्यावर कोणाच्याही मनात तेच येईल जे त्या जाहिरात लिहिणाऱ्याच्या मनात आलं. कात्री बंद करा की! जस्ताचा अणू पकडून ठेवेल असा रेणू बनवायचा आणि पाठवायचा आत.

असे रेणू बनवले गेले. सुरकुत्यांसाठी नव्हे, कर्करोगासाठी. कारण गाठी पसरताना याच विकरांनी वाट कापतात. बॅटिमास्टॅट, मग तोंडाने घेता येणारं मॅरिमास्टॅट. 1990 च्या दशकात ब्रिटिश बायोटेक या कंपनीने त्यावर मोठी आशा लावली होती. प्रयोगशाळेत रेणू उत्तम चालत होते. माणसांत चाचण्या झाल्या तेव्हा कर्करोगावर अपेक्षित गुण आला नाही, आणि रुग्णांचे सांधे दुखू लागले. हात आखडले, खांदे आखडले. हे रेणू जस्त पकडत होते आणि जस्त तर घराण्यातल्या सगळ्यांकडे होतं. जी विकरं थांबवायला नको होती तीही थांबली.

मघाशी मी त्या विकराला सज्जन म्हटलं ते यासाठी. शरीराला कात्री रोज लागते. जखम झाली की कडेच्या पेशी उघड्या कोलॅजेनवरून सरकत मध्याकडे येतात, आणि सरकण्यासाठी त्यांना एमएमपी-1 लागतं. ते अडवलं तर प्रयोगात त्या जागच्या जागी अडकून पडतात. गर्भात अवयव घडताना, बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत होताना, हाड नव्याने रचलं जाताना जुनं तोडावंच लागतं. जुनं कोलॅजेन काढता आलं नाही तर ते साठतं आणि ऊती राठ होतात. ज्या शरीरात काहीच तुटत नाही ते चिरतरुण असेल ही माझी समजूत मॅरिमास्टॅटची हकीकत वाचताना गळून पडली. असं शरीर बहुधा खांदाही उचलू शकणार नाही.

एमएमपी अडवणारं म्हणून अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध आहे ते हिरड्यांसाठी: डॉक्सिसायक्लिन, 20 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे जुनंच प्रतिजैविक. लॉर्न गोलब यांच्या गटाने 1980 च्या दशकात दाखवलं की या जातीची औषधं जंतू मारण्याखेरीज कोलॅजेन तोडणारी विकरंही थोपवतात. जंतू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत ते देऊन हिरड्यांची झीज थांबवायची, अशी ती युक्ती. 1998 साली तिला मंजुरी मिळाली. मग हेच सुरकुत्यांसाठी का घेऊ नये, असं कोणी विचारेल. डॉक्सिसायक्लिनचा नेहमी सांगितला जाणारा एक दुष्परिणाम म्हणजे ते कातडीला उन्हाबाबत अधिक हळवी करतं. नियतीला विनोदबुद्धी आहे, एवढंच म्हणते.

मग बाटल्यांवर जे विकररोधक अर्क असतात त्यांचं काय? यातल्या कितीतरी दाव्यांच्या मुळाशी एक चाचणी असते. वनस्पतीचा अर्क घ्यायचा, नळीत कोलॅजेन तोडणारं विकर घ्यायचं, दोन्ही एकत्र करायचं आणि तोडणं किती कमी झालं ते मोजायचं. ऐकायला ठीक. पण नळीतलं ते विकर बहुतेक वेळा माणसाचं नसतं. ते क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूचं असतं, कारण ते स्वस्त आणि सहज मिळतं. माणसाची कात्री एका ठिकाणी कापते, जिवाणूचं विकर त्याच धाग्याला पन्नास ठिकाणी फाडतं. दोघांची घडण वेगळी, घराणं वेगळं. जिवाणूचं विकर थांबवलं म्हणून माझ्या गालातलं थांबेल याची काहीच हमी नाही. त्यातून अर्क कातडीच्या आत पोचायला हवा. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू त्वचेच्या वरच्या मृत थरातून पलीकडे जाणं अवघड असतं. याच कारणाने कोलॅजेनचं क्रीमही बाहेरच राहतं. त्या रेणूचं वजन जवळपास 3 लाख डाल्टन. ते कातडीवर ओलावा धरून ठेवतं, ते चांगलंच आहे. पण मग त्याला ओलावा धरणारं क्रीम म्हणावं आणि तेवढीच किंमत लावावी.

मला वाटतं चूक कात्रीकडे बघण्यात आहे. हुकूम जिथून सुटतो तिथे बघायला हवं.

तिथे बघणारं एक औषध अपघातानेच हाती आलं होतं. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून बनलेलं आम्ल. अल्बर्ट क्लिगमन यांनी ते मुरुमांसाठी पुढे आणलं. वयाने मोठ्या स्त्रिया सांगू लागल्या की मुरुमांबरोबर चेहराही नितळ होतोय, रेघा पुसट होतायत. 1988 साली वूरहीस यांच्याच गटाने 30 जणांवर 16 आठवड्यांची नीट चाचणी केली आणि त्या स्त्रियांचं म्हणणं खरं ठरलं. बहुतेकांची कातडी लाल होऊन जळजळली, हेही नोंदलं गेलं. (क्लिगमन यांचं नाव घेताना फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगातले कैदी आठवावेतच. त्यांच्या पाठींवर या गृहस्थांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्वचाशास्त्राच्या इतिहासात तो डाग आहे आणि चेहरा नितळ झाला म्हणून तो पुसला जात नाही.) ट्रेटिनॉइन नेमकं काय करतं हे मात्र नितंबांवरच्या त्या प्रयोगांत कळलं. आधी ट्रेटिनॉइन लावून मग प्रकाश सोडला तर विकरांची वाढ 70 ते 80 टक्के रोखली जाते. ते जस्ताला हात लावत नाही. एपी-1 च्या पायरीवर आडवं येतं. आणि प्रकाशाला उत्तर म्हणून कातडी स्वतः जो टिंप बनवते, त्याला ते धक्काही लावत नाही. खोट्या निरोपाने होणारी कापाकापी कमी, आणि घरचा पहारेकरी शाबूत. इतकं समंजस औषध अपघाताने सापडावं याचं मला अजूनही नवल वाटतं. ते गरोदरपणात वापरत नाहीत, सुरुवातीला कातडी सोलते, आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावं, हे आहेच.

आणि हुकूम सुटूच नये यासाठी काय, तर सनस्क्रीन. यावर फार बोलण्यासारखं नाही, इतकं ते साधं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नंबोर इथे 55 वर्षांखालच्या 903 जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. अर्ध्या लोकांना रोज लावायला सांगितलं, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. हाताच्या पाठीच्या कातडीचे ठसे घेऊन तुलना केली. रोज लावणाऱ्यांत उन्हाचं म्हातारपण 24 टक्क्यांनी कमी दिसलं. 2013 साली हे निष्कर्ष आले. त्याच प्रयोगात बीटाकॅरोटीनच्या गोळ्याही तपासल्या होत्या. त्यांचा काही उपयोग दिसला नाही. गोळीपेक्षा लेप बरा, आणि तोही रोज. बाटलीवरचा आकडा मिळवायचा तर कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावावं लागतं. आपण सहसा त्याच्या निम्मंही लावत नाही.

हे सगळं वाचताना एक प्रश्न मला सारखा टोचत राहिला की मी कशासाठी एवढी खटपट करतेय. कर्करोगाचा धोका कमी होतो हे उत्तर खरं आहे आणि सभ्यही. पण पुरं नाही. मला सुरकुत्या नको आहेत, एवढं साधं आणि थोडं लाजिरवाणं आहे ते. मग मी माझ्यापुरती एक तडजोड केली. हसून हसून डोळ्यांच्या कोपऱ्यांत पडलेल्या रेघांशी माझं भांडण नाही. त्या मी कमावल्या आहेत. जिथे मी हसले नाही, रडले नाही, नुसती वाट बघत उभी होते, त्या मिनिटांनी माझ्या चेहऱ्यावर लिहावं हे मात्र मला पटत नाही. तडजोड लंगडी आहे, कारण कातडीला हा भेद कळत नाही. पण सकाळी बाटलीचं झाकण उघडायला ती पुरते.

उशीर झाला असं वाटणाऱ्यांसाठी मिशिगनचाच आणखी एक प्रयोग आहे, तोही 2007 चा. यात स्वयंसेवकांचं सरासरी वय 87 होतं. त्यांच्या एका दंडाला रेटिनॉलचं, म्हणजे ट्रेटिनॉइनच्या सौम्य नातलगाचं, 0.4 टक्क्याचं लोशन लावलं. दुसऱ्या दंडाला तसंच, पण रेटिनॉल नसलेलं. आठवड्यातून तीनदापर्यंत, 24 आठवडे. रेटिनॉलच्या दंडावरच्या बारीक रेघा कमी झाल्या, आणि आतल्या पेशींनी नवं कोलॅजेन बनवायला घेतलं होतं.